गाडी विकण्याआधी सतरा अक्षरं

रेवदंड्याला मामींच्या वाडीत, पोफळींच्या सावलीत, त्यांची पांढरी हॅचबॅक उभी असायची. दसऱ्याला नवी गाडी घ्यायची ठरली, म्हणून ती पेणला एका शोरूममध्ये एक्स्चेंजसाठी दाखवली. तिथल्या माणसाने रंगाची जाडी मोजली, खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा कुठे खाल्लाय ते टॉर्च मारून बघितलं, टायर दाबून पाहिले, किलोमीटर लिहून घेतले आणि आकडा सांगितला. आकडा मामींच्या अपेक्षेपेक्षा बरा होता.

त्यांनी मला फोन केला तो कागदपत्रांसाठी. मी विचारलं, "मामी, ह्या गाडीला कंपनीने कधी रिकॉल काढला होता का, ते बघितलंत?"

"रिकॉल म्हणजे कंपनी गाडी परत घेते ना? एवढी जुनी गाडी आता कोण परत घेणार?"

मामींसारखाच समज पुष्कळांचा असतो, आणि तो शब्दामुळेच होतो. रिकॉलमध्ये कंपनी सहसा गाडी परत घेत नाही. एखाद्या काळात बनलेल्या गाड्यांमध्ये एखादा भाग सदोष निघाला, तर त्या सगळ्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावून तो भाग तपासायचा आणि लागला तर फुकट बदलून द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. वॉरंटी संपली म्हणून पैसे मागण्याचा प्रश्न येत नाही. गाडी कितव्या मालकाकडे आहे यानेही फरक पडत नाही, कारण हे काम मालकाशी नाही, गाडीच्या चेसिस नंबराशी बांधलेलं असतं. जी गाडी बोलावूनही गेली नाही तिचा रिकॉल उघडा राहतो. पाच वर्षांनी, तीन मालक बदलल्यावरही तो उघडाच असतो.

गाड्या जात का नाहीत? निरोप पोहोचत नाही म्हणून. कंपनीकडे पत्ता आणि मोबाइल असतो तो बहुतेक वेळा पहिल्या मालकाचा. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या गाड्या भरपूर येतात. कुणाच्या चुलत्याची, कुणाच्या साहेबांची, कुणी एजंटाकडून घेतलेली. मामींची गाडीही अशीच, डोंबिवलीच्या एका कुटुंबाकडून घेतलेली. कंपनीचा मेसेज त्या डोंबिवलीच्या फोनवर गेला असणार, आणि त्या माणसाने गाडी आपली राहिली नाही म्हणून तो पुसून टाकला असणार. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, पण रेवदंड्याला काही कळलं नाही.

आता हे आपल्या किनाऱ्यावर जास्त महत्त्वाचं का, ते सांगतो. एअरबॅगच्या मागे धातूचा एक छोटा डबा असतो, त्याला इन्फ्लेटर म्हणतात. धडक बसली की त्यातलं रसायन क्षणात पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. जपानच्या ताकाता कंपनीने या डब्यात अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग ते हवं त्यापेक्षा फार वेगाने जळतं, डबाच फुटतो आणि धातूचे तुकडे चालकाच्या गळ्यावर, तोंडावर येतात. अमेरिकेत यात २५हून अधिक माणसं मेली, आणि ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१४ मध्ये तिथे काही रिकॉल काढले गेले ते फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण, दमट प्रदेशांसाठी. मुरूड, श्रीवर्धन, अलिबागची हवा कुठल्या बाजूची आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ज्या घरात मिठाला वर्षभर पाणी सुटतं, त्याच घराच्या अंगणात गाडी उभी असते.

या ताकाता इन्फ्लेटरसाठी होंडाने भारतात जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० गाड्या बोलावल्या, २०१२ साली बनलेल्या सिटी, जॅझ, सिव्हिक आणि अकॉर्ड. जानेवारी २०१८ मध्ये आणखी २२,८३४, त्या २०१३ सालच्या. २०१९ मध्ये तर २००३ ते २००६ या काळातल्या ३,६६९ अकॉर्ड बोलावल्या, म्हणजे तेव्हाच तेरा ते सोळा वर्षं जुन्या असलेल्या गाड्या. २०१२-१३ची सिटी किंवा जॅझ आज नेमक्या त्या वयात आहे जेव्हा पहिला, दुसरा मालक ती काढून टाकतो आणि कुणीतरी पोरगा पहिली गाडी म्हणून घेतो. त्या पोराला हे माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं.

दुसरं उदाहरण पाण्याचं. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ यांच्या काही पेट्रोल गाड्या बोलावल्या. एकूण १,८१,७५४, सगळ्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या. काम होतं मोटर जनरेटर युनिट तपासायचं आणि लागल्यास बदलायचं. ते काम नोव्हेंबरमध्ये सुरू होणार होतं. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, अशी विनंती कंपनीने केली. त्याच वर्षी जुलैत महाडला सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे साचलेलं पाणी टाळायचं तर गाडी घरीच ठेवावी लागेल. तेव्हा अशी गाडी विकायची असेल तर ते काम झालंय की नाही हे घेणाऱ्याला कळायलाच हवं.

तिसरं इंधन पंपाचं. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे पंप फुकट बदलायची मोहीम काढली. पंपातला फिरणारा भाग सदोष असला तर इंजिन चालता चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही. कार्लेखिंडीच्या चढावर, मागे डंपर असताना, इंजिन बंद पडलं तर काय होईल याची कल्पना करा. याशिवाय आणखी २,२०४ गाड्या अशा होत्या की ज्यांना तो सदोष पंप आधी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता. म्हणजे आधी एकदा पंप बदललाय, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. चेसिस नंबर घालूनच बघावं लागतं.

तर बघायचं कसं. आरसीवर चेसिस नंबर असतो, सतरा अक्षरांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तेव्हा गोल दिसला की शून्यच लिहा. सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्याची. मारुतीची एमए३, होंडाची एमएके, टाटाची एमएटी, ह्युंदाईची एमएएल. पण नुसत्या आरसीवर थांबू नका. गाडीवर कोरलेला नंबरही ताडून बघा. तो मॉडेलप्रमाणे बॉनेटखालच्या आडव्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली सापडतो.

मामींच्या गाडीचा नंबर सीटखाली होता. कार्पेटची चीर उचलली तर खाली वाळू, सुपारीचं एक टरफल आणि गंजाचा पातळ थर. फडक्याला थोडं तेल लावून पुसलं, मग कोरडं केलं. आरटीओच्या कामाला एजंट घेतात तसाच पेन्सिल प्रिंट घेतला. पेन्सिलीचं टोक आडवं धरून अंकांवरून हलकं घासायचं, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवायची आणि ती उचलून पांढऱ्या कागदावर लावायची. अंक सरळ उमटतात. आरसीवरचा आणि हा, दोन्ही एकेक अक्षर बोट ठेवून जुळवले. जुळले. हे जुळले नसते तर रिकॉलपेक्षा मोठा प्रश्न होता.

मग कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस मोहिमेच्या पानावर तो नंबर टाकायचा. तिथे काही आलं नाही तरी सर्व्हिस सेंटरला फोन करून चेसिस नंबर सांगा आणि विचारा, या नंबरावर कुठली मोहीम बाकी आहे का. सर्व्हिस अॅडव्हायझर संगणकावर बघून सांगतो. दोन्हीकडे विचारायचं कारण एवढंच, की कधी वेबसाइटवर एकाच चालू मोहिमेचं पान असतं आणि जुनी मोहीम तिथे दिसत नाही. मामींच्या गाडीचं तेच झालं. वेबसाइटवर काही नव्हतं, फोनवर एक काम बाकी निघालं.

आता एक्स्चेंजचा भाग. शोरूमवाला तुमची गाडी घेतो तेव्हा ती स्वतःकडे ठेवायला घेत नाही. गाडी त्याच कंपनीची असेल आणि चांगली असेल तर त्यांच्याच जुन्या गाड्यांच्या विभागात जाते. नाहीतर ती दलालाकडे किंवा लिलावात जाते आणि तिथून पुढच्या माणसाकडे. त्याच कंपनीच्या शोरूमला रिकॉलचं काम आपल्याच वर्कशॉपमध्ये करता येतं. पण तुम्ही एका कंपनीची गाडी देऊन दुसऱ्या कंपनीची घेत असाल तर ते काम त्याच्या हातात नसतं. गाडी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते, आणि दोन दिवसांत पुढे ढकलायची गाडी कुणी मुद्दाम तिकडे नेईल याची खात्री नाही. म्हणून माझा आग्रह असा, की काम तुमच्या नावावर गाडी असतानाच करून घ्या, मगच ती हातातून सोडा.

कुणी "रिकॉल बाकी आहे, म्हणून किंमत कमी" असं म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका. जे काम कंपनी फुकट करून देते त्याचे पैसे किमतीतून कापायचं काही कारण नाही. हवं तर सांगा, "आठ दिवस थांबा, काम करून आणतो."

सुटा भाग आलेला नसेल तर? तेव्हा सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, की या चेसिस नंबराची नोंद झाली आहे आणि भाग आल्यावर कळवू. काम झालं नसताना गाडी विकायचीच असेल तर घेणाऱ्याला सांगा आणि विक्रीच्या कागदावर ते लिहून त्याची सही घ्या. आणि काही रिकॉल असे असतात की त्यात थांबण्याचा प्रश्नच नसतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायला काढला तेव्हा तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. अशी गाडी फेरफटक्यालासुद्धा कुणाच्या हातात देऊ नये.

कायदा काय म्हणतो, तेही बघू. आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्यांनी स्वतःहून पाळायची रिकॉलची संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०ए हे कलम आलं आणि रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागतात, आणि सरकारला आदेश काढावा लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. पण हे कलम बनवणाऱ्याला बांधतं. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकू नका, असं ते विकणाऱ्याला सांगत नाही. अमेरिकेतही जुन्या गाड्यांबाबत अशीच फट आहे. दोन बहिणींच्या मृत्यूनंतर २०१५ मध्ये तिथे भाड्याच्या गाड्यांपुरती ती बुजवली गेली. दुरुस्ती झाल्याशिवाय मोठ्या कंपन्यांना गाडी भाड्याने देता येत नाही. आपल्याकडेही किमान डीलरने विकलेल्या जुन्या गाडीला असा नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हाताशी आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. बनवणाऱ्याने दिलेला धोक्याचा इशारा विक्रेत्याने ग्राहकाला कळवला नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर कलम ८६ खाली विक्रेत्याची जबाबदारी येऊ शकते. डीलरकडून गाडी घेणाऱ्याने म्हणूनच रिकॉलचा प्रश्न तोंडी नाही, मेसेजवर विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे.

नाव बदलण्याबाबत थोडंच सांगतो, कारण एजंटांना ते पाठ असतं. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, एमएच ०६ची गाडी असेल तर काम पेणच्या आरटीओत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नोंदणी असलेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरला दिलीत तर १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी आहे. तो ऑनलाइन गेला की गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते. हे करून घ्याच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी पुढे तीन हात फिरलेली का असेना. अपघाताची भरपाई त्याच्याच दारात येते.

मामींच्या गाडीचं काम पनवेलला झालं. सकाळी दिली, दुपारी मिळाली, बिलावर शून्य रुपये. जॉबकार्डवर मोहिमेचं नाव आणि चेसिस नंबर नीट छापलाय ना, ते तिथेच उभं राहून वाचलं. शोरूमने आकडा बदलला नाही.

पण गाडी शेवटी बोर्ली मांडल्याच्या एका शिक्षिकेकडे गेली. आरसी, विमा, दुसरी किल्ली आणि जॉबकार्ड एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून दिलं. बाई निघाल्यावर मामींनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला, चेसिस नंबर वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "ह्या गाडीचा आता माझा नंबर काढा. नवा लिहून घ्या." मग बाईंचा मोबाइल नंबर दोनदा सांगितला, आणि पलीकडच्या मुलीला तो परत म्हणायला लावला.