प्रदर्शन इतक्या लवकर का संपते?

येत्या वर्षाच्या तिथी प्रथम सांगून टाकलेल्या बऱ्या. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन, १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन (तो १९७७ पासून पाळला जातो) आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. संग्रहालयांची विशेष प्रदर्शने व व्याख्याने बहुधा या दिवसांच्या आगेमागे होतात. काय मांडले जाणार हे त्या त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि संग्रहालयाच्या दारावरील फलकावरून कळते. मे महिन्यात शाळेला सुटी असते. तेव्हा अभ्यासाची सबब चालावयाची नाही.

आता शीर्षकातील प्रश्न. कमाटीबागेतील आपले संग्रहालय श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८७ साली स्थापिले. इमारत १८९४ साली पूर्ण झाली. तेथील इजिप्तची ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा यांच्याकडे मुलांचे पाय आधी वळतात, व त्यात गैर काही नाही. परंतु लघुचित्रे, पोथ्यांची पाने, जुनी वस्त्रे अशा वस्तू कोठलेही जाणते संग्रहालय थोड्या काढते, थोडे दिवस मांडते आणि पुन्हा कपाटात ठेवते. याचे कारण प्रकाश.

खिडकीच्या पडद्याचा उन्हाकडील भाग विटलेला आपण पाहतोच. चित्राचेही तसेच होते. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत असतो. लघुचित्रांसाठी ५० लक्सच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. तैलचित्रे सुमारे २०० लक्स सोसतात. म्हणूनच चित्रांच्या दालनात अंधुक वाटते. तो विजेचा कंजूषपणा नव्हे. शिवाय प्रकाशाचा परिणाम साचत जातो. निम्म्या उजेडात दुप्पट दिवस ठेवले तरी हानी जवळपास तितकीच. कपाटात ठेवल्याने पुढील हानी थांबते. गेलेला रंग मात्र परत येत नाही. सर्वच आपण पाहून घेतले तर शंभर वर्षांनी येणाऱ्यांनी काय पाहावे? आणि सर्वच कुलुपात ठेवले तर ते असून नसून सारखेच. माझ्या मते थोडे थोडे दाखविणे हाच मार्ग योग्य.

धातूला उजेडाचे भय नाही, दमटपणाचे आहे. आमच्या गोव्याकडे पावसाळ्यात पेटीतील कपड्यांनाही बुरशी धरते, त्यामुळे हे मला विशेष पटते. कांस्यात क्षार शिरले असतील तर ओलाव्याने हिरवट भुकटी सुटू लागते व मूर्ती पोखरली जाते. विश्वामित्रीकाठच्या अकोटा येथे सापडलेल्या ६८ जैन कांस्यमूर्ती आपल्या शहराचे भूषण होत. त्यांवर उमाकांत शहा यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सहाव्या शतकातील जीवंतस्वामी अवश्य पाहा. हे संसारत्यागापूर्वीचे महावीर, म्हणून मस्तकी मुकुट आणि अंगावर अलंकार आहेत. इतर तीर्थंकरमूर्ती शेजारी पाहिल्या म्हणजे हा भेद चटकन ध्यानात येतो. हात मात्र लावू नका. घामातही क्षार असतात.

प्रदर्शनाचा प्रभाव केवढा असतो याचे उदाहरण येथलेच आहे. राजा रविवर्म्याकडून महाराजांनी चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती १८९० च्या सुमारास बडोद्यात लोकांना दाखविली तेव्हा लोटलेली गर्दी अपूर्व होती. पुढे १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याची चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. बागेतील चित्रशाळेची कथा याच्या उलट. तिची इमारत १९१४ साली तयार झाली, पण युरोपात घेतलेली चित्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकली. दारे उघडली ती १९२१ साली.

रविवर्म्याच्या त्या मूळ चित्रांपैकी काही आजही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फतेसिंह संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १९६१ साली सुरू झाले. सोमवारी ते बंद असते. जाताना वही आणि पेन्सिल बरोबर घ्यावी.