कूट शब्दकोड्यातील सूचना

‘कशासाठी पाणी डोळ्यांत घालावयाचे?’ या सूचनेचे उत्तर तीन अक्षरी आहे. वाक्य वाचताच डोळे धुणारा किंवा रडणारा माणूस मनापुढे उभा राहतो आणि वाचक त्या पाण्यातच घोटाळत राहतो. वस्तुतः येथे कोणी डोळे धूत नाही. ‘कशासाठी’ म्हणजे ‘का’, ‘पाणी’ म्हणजे ‘जळ’. ही दोन पदे जोडली असता ‘काजळ’ होते, आणि डोळ्यांत घालावयाचे ते काजळच. उत्तराकडे जाण्याच्या वाटा दोन: एक अर्थाची, दुसरी अक्षरांच्या जुळणीची. दोन्ही एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या की ताळा जमतो. उत्तर बरोबर की चूक हे कोणास विचारावे लागत नाही.

साधे शब्दकोडे यापूर्वीचे. आर्थर विन यांनी रचलेले असे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आले. त्यात केवळ शब्दाचा अर्थ विचारलेला असे. कूट शब्दकोड्याची वाढ मात्र इंग्लंडात झाली. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स हे कवी व भाषांतरकार ‘टोर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. हे नाव स्पेनमधील एका क्रूर धर्मन्यायाधीशाचे; ते त्यांनी थट्टेने घेतले असले तरी सोडविणाऱ्यांचा छळ खराच होता. त्यांची कल्पकता विलक्षण होती. परंतु उत्तर हाती आल्यावरही ते का बरोबर, हे पुष्कळदा उमगत नसे.

या कलेला नियम लावून देणारे दोघेही शिक्षक होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेल्स कॅथीड्रल स्कूलचे मुख्याध्यापक ए. एफ. रिची ‘अफ्रीत’ या नावाने कोडी रचीत. रचनाकाराने वाचकास खुशाल चकवावे, पण त्याच्या शब्दांतून त्याला अभिप्रेत असलेला अर्थ निघालाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात धरला. १९३९ मध्ये मॅथर्स वारल्यावर ‘ऑब्झर्व्हर’मधील काम ‘झिमेनीझ’ या नावाने डी. एस. मॅकनट यांच्याकडे आले. ते क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक व लॅटिन शिकवीत. १९६६ च्या त्यांच्या पुस्तकातील कसोटी सोपी आहे: सूचनेत शब्दाची नेमकी व्याख्या असावी, जुळणीचा न्याय्य निर्देश असावा, आणि याखेरीज एकही रिकामा शब्द नसावा.

‘उलट वाहणारी नदी दरिद्री’ ही सूचना घ्यावी. ‘नदी’ची अक्षरे उलट क्रमाने लिहिली की ‘दीन’ मिळते, आणि दीन म्हणजे दरिद्री. आता यातून ‘उलट वाहणारी’ ही पदे गाळली तर काय उरते? अक्षरे फिरवावयाची हे सोडविणाऱ्याने कशावरून ओळखावे? उलटपक्षी ‘उलट वाहणारी मोठी नदी दरिद्री’ असे लिहिले तर ‘मोठी’ हा शब्द कोणतेच काम करीत नाही. मूल त्याच्याशी व्यर्थ झुंजते आणि शेवटी स्वतःलाच मंद समजते. दोष वास्तविक रचणाऱ्याचा असतो. परीक्षेतील पुष्कळशा प्रश्नांविषयीही हेच म्हणता येईल.

काही सूचना केवळ श्लेषावर उभ्या असतात. ‘देवाने दिलेला नवरा’ म्हणजे ‘वर’. इंग्रजीतील एक जुनी युक्ती याहून खट्याळ आहे. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल. पण ‘फ्लो’ म्हणजे वाहणे, तेव्हा त्याच स्पेलिंगचा शब्द ‘वाहणारी’ या अर्थी घेऊन त्यामागे नदी लपविली जाते. उच्चार थोडा निराळा होतो, परंतु कागदावर उच्चार ऐकू येत नाही.

अक्षरांची फिरवाफिरव मात्र मराठीत निराळ्या रीतीने होते. इंग्रजीत प्रत्येक चौकटीत सुटा वर्ण असतो, म्हणून लांबलचक शब्दसमूहही मोडून नवा बांधता येतो. देवनागरीत चौकटीत पूर्ण अक्षर बसते. काना, मात्रा, वेलांटी अक्षराला सोडून जात नाहीत. ‘विस्कटलेले कलम पाण्यात फुलते’ यातून ‘कमल’ निघते, कारण तिन्ही अक्षरे सुटी आहेत. जोडाक्षरांचे शब्द इतके वळत नाहीत. याउलट पदच्छेदाला मराठीत मोठे क्षेत्र आहे. ‘परवाना’ या शब्दात ‘परवा’ आणि ‘ना’ दडलेले दिसले की ‘कालच्या आदल्या दिवशी नकार, आता मिळाले अनुज्ञापत्र’ अशी सूचना चौथीतील मूलही करू शकेल.

वर्गात मुलांकडून सोडवून घेण्याआधी रचून घेणे अधिक फलदायी. फळ्यावर एक शब्द लिहावा, तो किती ठिकाणी तुटतो व उलट वाचता काय होतो हे पाहू द्यावे, आणि तयार झालेल्या सूचनेतील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ‘याचे काम काय?’ असे विचारावे. ज्याला काम नाही तो मुलांनीच पुसावा. सरावासाठी एक सूचना: ‘सभा तहकूब, आत तांदूळ शिजलेला.’ उत्तर दोन अक्षरी असून ते सूचनेतच लिहिलेले आहे.