जातं, गिरणी आणि रोझी

२३ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘द जेटसन्स’ या व्यंगचित्र मालिकेचा पहिला भाग झळकला. हॅना-बार्बेरा कंपनीने कल्पिलेलं हे कुटुंब शंभर वर्षं पुढचं. कर्ता जॉर्ज उडत्या गाडीतून कामावर जातो. बायको जेन मात्र घरातली बटणं दाबून दाबून दमते, त्यात स्वयंपाकाचं यंत्रही दगा देतं. मग ती रोबो मोलकरीण आणते : जुन्या मॉडेलची, खिशाला परवडणारी रोझी. त्याच संध्याकाळी जेवायला आलेला मालक स्पेसली जॉर्जला कामावरून काढून टाकतो. आपल्यापायी घर अडचणीत नको म्हणून रोझी निघून जाते, पण तिच्या हातच्या अननसाच्या केकने मालक विरघळतो. नोकरी परत मिळते, पगार वाढतो, रोझीही राहते. लेखकांनी गाडी बदलली, घर बदललं, शतक बदललं. चूल कुणाच्या गळ्यात, हे तेवढं बदललं नाही.

‘रोबो’ शब्दाचं मूळही तेच सांगतं. कारेल चापेकच्या १९२० सालच्या ‘आर.यू.आर.’ नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. रोझी म्हणजे पगार न मागणारी वेठबिगार. काम तितकंच राहतं, राबणारे हात तेवढे बदलतात. घरकामाचा भार हलका होतो तो चाकर आणल्याने नव्हे. काम उंबऱ्याबाहेर पडलं किंवा दुसऱ्याने बरोबरीने उचललं, तर होतो. याचा पुरावा महाराष्ट्रातल्या परभणी जिल्ह्यात सापडतो.

 तिथल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संग्रहात आहेत. हजाराहून अधिक गावांतून या संग्रहात लाखावर ओव्या जमल्या. इतक्या ओव्या जमतात, यावरूनच दळणाचे तास मोजावेत. पहाटे खुंटा धरायचा, एका हाताने फिरवत दुसऱ्याने मूठमूठ वैरण घालायची, की घरच्या भाकरीपुरतं पीठ पडायचं. याच जिल्ह्यातलं गंगाखेड जनाबाईंची जन्मभूमी मानलं जातं. नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, अशी कथा आहे. लोककल्पनेने दासीला आणखी एक दासी दिली नाही. देवालाच तिच्या बरोबरीने बसवलं. पुढे गिरणी आली आणि दळण घराबाहेर गेलं. जात्यावर पुरुष क्वचितच बसे. गिरणीवर डबा घेऊन जायला मात्र मुलगाही लाजत नाही, बापही लाजत नाही.

गिरणीने ओवी मारली, हा आक्षेप खरा आहे. पण ओवी जपण्यासाठी कुणी पहाटे तीनला उठून दळावं, असं म्हणायचा हक्क पीठ आयतं मिळणाऱ्याला नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे : माणसाला राबवण्यापेक्षा यंत्र राबवलेलं काय वाईट? वाईट काहीच नाही. घरकाम करणाऱ्या बायांसाठी महाराष्ट्राला २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा करावा लागला, यावरून त्यांची अवस्था कळते. प्रणोती नागरकर-इसरानी आणि ऋषी इसरानी यांनी सिंगापुरात घडवलेलं ‘रोटीमॅटिक’ पीठ मळून, लाटून, भाजून पोळी हातात देतं. पण यंत्रात पीठ घालणं, ते धुणं-पुसणं, पोळी वाढणं कुणाकडे, हे यंत्र ठरवत नाही. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की उपकरणं आली तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. धुलाई यंत्र आलं आणि धुण्याचे कपडे वाढले.

शिवाय ज्वारीचं पीठ हट्टी. गव्हासारखा चिकटपणा नसल्याने उकळत्या पाण्यात उंडा मळायचा, परातीत हाताने थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. दळण गिरणीत गेलं, थापणं घरातच राहिलं. केंद्र सरकारच्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका २०१९ मध्ये त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत, पुरुष ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. दोघांचाही वेळ घटला. दोघांमधलं अंतर पाच वर्षांत फक्त एका मिनिटाने कमी झालं.