टोपलीतला रस्सा: सूप डंपलिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की खांबांच्या दोन रांगांमधून दोन लांबलचक, बुटकी दगडी बाकं थेट आतपर्यंत गेलेली दिसतात. ही भिक्खूंच्या पठणाची किंवा पंगतीची जागा असावी, असं अभ्यासक मानतात. पूर्वेकडच्या देशांतून येणारे बौद्ध यात्रेकरू या बाकांपाशी रेंगाळताना मी अनेकदा पाहिले आहेत. पण हे लोक स्वतःच्या गावी काय जेवतात, याबद्दल आपल्याकडे ऐकीव गोष्टीच जास्त.

माझी पुतणी तैवानमधल्या शिंचू शहरात शिकते. तिला भेटायला गेलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ती मला सूप डंपलिंगच्या एका साध्या हॉटेलात घेऊन गेली. तिथे या पदार्थाला ‘शाओलोंगबाव’ म्हणतात. शाओ म्हणजे लहान, लोंग म्हणजे वाफवायची टोपली आणि बाव म्हणजे सारण भरलेला गोळा. गावी परतल्यावर लोकांनी जे विचारलं, त्यात प्रश्नांपेक्षा ठाम समजुतीच अधिक होत्या. त्यातल्या सहा समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १: आतलं सूप सुईने भरतात.

वस्तुस्थिती: भरताना आत पातळ असं काहीच नसतं. डुकराची कातडी आणि हाडं तासन्‌तास उकळून दाट रस्सा काढतात. त्यात उतरलेल्या जिलेटिनमुळे तो थंड झाला की थिजतो. या थिजलेल्या रश्श्याचे बारीक तुकडे खिम्यात मिसळतात आणि ते सारण पारीत भरतात. टोपलीला वाफ लागली की खिमा शिजतो, थिजलेला रस्सा वितळतो आणि बंद पारीत सूप तयार होतं.

हे आपल्यालाही नवं नाही. रात्री उरलेला पाया सकाळी फ्रिजमधून काढला की पातेलं उलटं केलं तरी सांडत नाही. चुलीवर ठेवला की दोन मिनिटांत पुन्हा रस्सा होतो. शाओलोंगबावचं सगळं रहस्य या एका अनुभवात आहे.

गैरसमज २: हा मोमोचाच एक प्रकार.

वस्तुस्थिती: कूळ एक, घर वेगळं. मोमो तिबेट आणि नेपाळकडचा. त्यातही रस असतो, पण थिजवलेला रस्सा मुद्दाम भरून आत सूप करण्याची रीत शाओलोंगबावची. नेपाळात ‘झोल मोमो’ असतो, त्यात सूप बाहेर आणि मोमो त्यात बुडालेला.

बाहेर रस्सा असलेला उंडा म्हटलं की आपल्याला शेंगोळे आठवायला हवेत. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून वळलेले शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडले की त्यांच्याच पिठाने रस्सा दाटतो. वरणफळंही त्याच वाटेची. पीठ आणि रस्सा एकत्र आणण्याची युक्ती मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात आहे. शाओलोंगबावने रस्सा पारीच्या आत नेला, एवढाच फरक.

गैरसमज ३: पदार्थ मूळ तैवानचा.

वस्तुस्थिती: मूळ सांगितलं जातं ते नानशियांग या गावचं. हे गाव आज शांघाय महानगरात मोडतं आणि तिथली ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली मानली जाते. चीनमधल्या यादवी युद्धाच्या अखेरीस, १९४९ च्या आगेमागे, दहा लाखांहून अधिक माणसं मुख्य भूमीवरून तैवानला आली आणि त्यांच्याबरोबर प्रांतोप्रांतीच्या चवीही आल्या.

तैवानने हा पदार्थ जगभर नेला, हे मात्र खरं. यांग बिंगयी हे असेच चीनमधून आलेले गृहस्थ. त्यांनी १९५८ मध्ये तैपेईत ‘दिन ताय फुंग’ नावाने खाद्यतेलाचं दुकान काढलं. पुढे डबाबंद तेल आलं, सुट्या तेलाचा धंदा बसला आणि त्यांनी डंपलिंग विकायला सुरुवात केली. १९७२ मध्ये दुकानाचं पुरतं हॉटेल झालं. १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जगातल्या दहा उत्तम रेस्टॉरंटांत त्याचं नाव घेतलं. आज त्याच्या शाखा अनेक देशांत आहेत.

गैरसमज ४: अठरा चुण्या नसतील तर तो खरा नव्हे.

वस्तुस्थिती: अठरा चुण्या हा दिन ताय फुंगचा घरचा दंडक. त्यांच्याकडे पारी ५ ग्रॅमची, सारण १६ ग्रॅमचं, असा एकूण २१ ग्रॅमचा हिशेब असतो. दुसऱ्या हॉटेलात चुण्या कमी-जास्त असल्या म्हणून पदार्थ खोटा ठरत नाही. चुण्यांचं काम एकच: तोंड घट्ट मिटावं आणि सूप बाहेर येऊ नये.

शिंचूच्या त्या हॉटेलात काचेपलीकडे एक बाई पाऱ्या लाटत होत्या. छोट्या लाटण्याने कडा पातळ आणि मध्यभाग किंचित जाड. तळाशी सूप पेलायला जाडी हवी आणि वर चुण्यांचा गठ्ठा होऊ नये म्हणून कडा पातळ हवी. उकडीचा मोदक वळणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. फरक पिठाचा. तांदळात ग्लुटेन नसतं, म्हणून आधी उकड काढावी लागते. इथे गव्हाचं पीठ ताणलं तरी फाटत नाही. आपल्याकडे मराठवाड्यात गणपतीला बहुधा गव्हाचे तळणीचे मोदक होतात. म्हणजे पीठही आपल्या ओळखीचं आणि कळ्याही.

गैरसमज ५: काडीने टोचायचं आणि अख्खं तोंडात टाकायचं.

वस्तुस्थिती: टोचलं तर सूप टोपलीत सांडतं. अख्खं टाकलं तर जीभ पोळते. मी पहिल्याच घासाला हा अनुभव घेतला. पुतणीने मग नीट शिकवलं. वरच्या गाठीला काड्यांनी हलकेच धरून उचलायचं. पारी सुपाच्या भाराने थेंबासारखी लोंबते, म्हणून लगेच खाली चमचा धरायचा. कडेला लहानसा चावा घेऊन वाफ जाऊ द्यायची, सूप प्यायचं आणि मग आल्याच्या कीसाबरोबर, काळ्या व्हिनेगरचा थेंब लावून उरलेलं खायचं. फार वेळ गप्पा मारत बसू नये. थंड झालं की पारी चिकटते आणि उचलताना फाटते.

साध्या हॉटेलात बडेजाव नसतो. टेबलावर छापील कागद असतो, त्यावर हव्या त्या पदार्थापुढे पेन्सिलने खूण करून द्यायची. टीप द्यायची पद्धत तैवानमध्ये नाही.

गैरसमज ६: शाकाहारी माणसाने तिकडे उपाशीच राहायचं.

वस्तुस्थिती: नेहमीच्या शाओलोंगबावमध्ये डुकराचं मांस असतं, हे स्पष्ट लक्षात ठेवावं. कोंबडीचा असला तरी थिजवलेला रस्सा कशाचा आहे, ते विचारावं. पण तैवान हा शाकाहाराची मोठी बौद्ध परंपरा असलेला देश आहे. तिथे पाकिटांवर शाकाहाराचे पाच वेगवेगळे प्रकार छापतात: पूर्ण वनस्पतिजन्य, अंडं चालणारा, दूध चालणारा, दोन्ही चालणारा आणि कांदा-लसूण वर्गातलं असलेला. अनेक शाकाहारी हॉटेलांच्या पाटीवर स्वस्तिक असतं. आपल्या उंबऱ्यावरचं चिन्ह परदेशात जेवणाच्या पाटीवर दिसलं, तेव्हा मला भरून आलं.

त्यातला पाचवा प्रकार आपण समजून घेण्यासारखा आहे. कडक बौद्ध शाकाहारात पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. कांदा आणि लसूण त्यात येतातच, आणि जुन्या यादीत हिंगही आहे. चिनी ग्रंथांतलं हिंगाचं नाव संस्कृत ‘हिंगु’वरूनच घेतलेलं आहे.

म्हणून लेण्यांसमोरच्या हॉटेलवाल्या भावांना एक विनंती. उद्या तैवानचा एखादा यात्रेकरू खुणेने कांदा नको, लसूण नको म्हणाला तर त्याला नखरेल समजू नका. आपण चातुर्मासात चार महिने पाळतो ते तो बारा महिने पाळतो. त्याचं वरण बिनहिंगाच्या फोडणीचं करा आणि भाकरीबरोबर वाढा.