प्लग वायरचा रंग आणि अंतरंग

जुनी आरएक्स १०० किंवा बुलेट नव्याने सजवायला घेतली, की टाकीचा रंग ठरल्यावर हौशी चालकाची नजर सिलिंडरच्या माथ्याकडे जाणाऱ्या काळ्या वायरीवर स्थिरावते. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात लाल, निळी, पिवळी असे पर्याय समोर येतात आणि 'लाल वायरने पिकअप वाढतो' असे छातीठोकपणे सांगणाराही कुणी भेटतोच.

रंगाचा इंजिनाच्या शक्तीशी काडीचाही संबंध नाही. रंग असतो तो वरच्या आवरणाचा. इग्निशन कॉइलमधून निघणारी, हजारो व्होल्ट दाबाची वीज वाटेत कुठेही न गळता प्लगपर्यंत पोहोचवणे, एवढेच या वायरीचे काम. म्हणून पाहायचे ते आवरण कशाचे आहे हे. स्वस्त प्लास्टिक इंजिनाच्या उष्णतेने कडक होते, तडकते आणि वीज जवळच्या धातूकडे धाव घेते. पहिल्याच पावसात गाडी 'मिसिंग' मारू लागली, तर अंधारात इंजिन सुरू ठेवून, हात न लावता, वायरीकडे पाहावे; निळसर ठिणग्या दिसल्या की निदान झाले. सिलिकॉनचे आवरण सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते व लवचीक राहते. मात्र ते सहज चिरते. त्यामुळे सिलिंडरच्या धारदार पात्यांपासून आणि सायलेन्सरच्या नळीपासून ते दूर ठेवावे लागते.

आतला गाभाही तितकाच महत्त्वाचा. मोटारसायकलच्या बहुतेक प्लग कॅपमध्ये एक स्क्रू असतो. तो वायरीच्या मधोमध शिरून संपर्क साधतो. तांब्याच्या बारीक तारांच्या गाभ्यात तो घट्ट बसतो. मोटारींसाठीच्या कार्बन गाभ्यात मात्र त्याची पकड राहत नाही, आणि चकचकीत पाकिटातली रंगीत वायर नेमकी तशीच असण्याचा संभव असतो. जाडीही विचारून घ्यावी. मूळ वायर ७ मिलिमीटरची असेल, तर ८ मिलिमीटरची वायर कॅपच्या रबरात नीट बसत नाही. पाणी शिरायला मग तेवढे पुरते.

तांब्याची वायर घेतली तर रोधक, म्हणजे सुमारे ५ किलो-ओहमचा रेझिस्टर, कॅपमध्ये किंवा प्लगमध्ये असायला हवा. ठिणगीमुळे होणारा विद्युत व्यत्यय तो आवरतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाल्यानंतरच्या, इंधन इंजेक्शन असलेल्या गाड्यांत हा व्यत्यय संगणकीय नियंत्रकाला गोंधळात टाकू शकतो. तेथे केवळ हौसेखातर मूळ वायर बदलू नये. शिवाय अनेक गाड्यांत वायर कॉइलमध्येच कायमची बसवलेली असते. ती कापून जोड देणे म्हणजे गळतीला आमंत्रणच.

एवढे जुळल्यावर रंग खुशाल आवडीचा घ्यावा. पिवळ्यावर तेलाचे डाग लगेच दिसतात, हे खरे. पण बारीक तडाही त्यावरच आधी नजरेस पडते.