काट्याची चूक, इंजिनावर आळ

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि बुडालेल्या वस्त्यांतून बचावपथकांच्या मोटारबोटी फिरू लागल्या. बोटीच्या मागील फळीवर टांगलेले इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, हे टॅकोमीटर दाखवतो.

जुन्या इंजिनांत तो फेरे प्रत्यक्ष मोजत नाही. फ्लायव्हीलमधील चुंबक तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरताना विजेचे स्पंद उत्पन्न होतात. काटा त्यांवरून हिशेब करतो. चुंबकांचे ध्रुव १२ असल्यास एका फेऱ्याला ६ स्पंद मिळतात. टॅकोमीटरच्या पाठीवरील खटका चुकून ४ वर राहिला, तर ३००० फेऱ्यांना काटा ४५०० दाखवतो. घाबरलेला चालक वेग कमी करतो आणि ऐन प्रवाहात बोट मागे ओढली जाते. आळ मात्र बिचाऱ्या इंजिनावर! म्हणून प्रथम खटका पाहावा.

काटा थरथरत असेल, तर बहुधा जोडणी गंजलेली असते. इंजिन बंद करून ती घासावी, घट्ट करावी. बॅटरीही भरत नसेल, तर रेक्टिफायर तपासून घ्यावा. चालत्या इंजिनाच्या बॅटरीची तार कधीही काढू नये. त्यामुळे चांगला रेक्टिफायरही जळू शकतो.