अठरा पेन्सांचा रुपया

लेखमाला : बाजार आणि सत्ता (भाग ७)

आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या एम.ए.चे पहिले काही आठवडे बहुतेक ठिकाणी तीन रकान्यांत जातात. वास्तववादी काय म्हणतात, उदारमतवादी काय म्हणतात, मार्क्सवादी काय म्हणतात. रॉबर्ट गिल्पिन यांच्या १९८७च्या पुस्तकाने ही वाटणी पक्की केली आणि परीक्षेसाठी ती सोयीचीही आहे. पण रकाने एकदा तोंडपाठ झाले, की समोर तेलाचे भाव येवोत, नाणेनिधीचे कर्ज येवो की चिपांवरची निर्यातबंदी, विद्यार्थी प्रत्येक रकान्याचा एकेक परिच्छेद लिहून मोकळा होतो. घटना आपली जिथल्या तिथे.

म्हणून या वेळी सिद्धान्त बाजूला ठेवू आणि एकच प्रकरण तळापर्यंत सोडवू. रुपया सोळा पेन्सांचा असावा की अठरा, हा १९२६चा वाद.

आधी थोडे मागे जायला हवे. १८७०च्या दशकात जर्मनीसह युरोपातले देश चांदी सोडून सोन्याकडे वळले. चांदी घसरली, आणि तिच्याबरोबर चांदीचा रुपयाही. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. निर्यातदारांचे त्यात काही बिघडत नव्हते. बिघडत होते ते सरकारचे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला ‘होम चार्जेस’ भरावे लागत : कर्जाचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर ज्या निःसारणाविरुद्ध आकडे मांडले, त्यातला हा मोठा भाग. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये गोळा करायचे, म्हणजे रयतेकडून जास्त कर घ्यायचा. १८९३मध्ये सरकारने टांकसाळी लोकांना बंद केल्या. चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा संपली, रुपयाची टंचाई झाली, भाव चढला, आणि पुढे तो सोळा पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये, असा बसवण्यात आला.

पहिल्या महायुद्धाने ही घडी मोडली. मधले प्रयोग सोडून देऊ, ते फसले. १९२५मध्ये हिल्टन यंग आयोग नेमला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने अठरा पेन्सांची शिफारस केली. पौंडाला पंधरा रुपयांऐवजी तेरा रुपये पाच आणे चार पै.

सेमिनारमध्ये वर्ग इथे दुभंगतो. अर्थशास्त्राची पदवी घेऊन आलेला विद्यार्थी आलेख काढतो, समतोलाचा दर कोणता ते सांगतो आणि खाली बसतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी ‘साम्राज्यवादी वर्चस्व’ असे लिहून आकड्यांना वळसा घालतो. (इंजिनिअर आणि सी.ए. मंडळींचा सुरुवातीला गोंधळ उडतो, पण त्यांना हिशेबाची भीती नसते, एवढे मात्र खरे.) तिघांनाही एकच काम द्यावे : कागदावर माणसे लिहा आणि प्रत्येकाचा जमाखर्च रुपयांत मांडा.

लँकेशायरचे एक पौंडाचे कापड मुंबई बंदरात उतरले. जुन्या दराने ते पंधरा रुपयांचे, नव्या दराने सव्वातेरांच्या किंचित वर. म्हणजे मुंबईच्या गिरणीमालकाला भाव तेवढे उतरवायचे, नाहीतर मजुरी कापायची. वऱ्हाडचा, खानदेशचा कापूस बाहेर पौंडांत विकला जातो, तेव्हा दर पौंडामागे इकडे दीड रुपयाहून जास्त तूट. शेतकऱ्याचा सारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले, त्यात एक पैही कमी नाही. उलट सरकारचे होम चार्जेस स्वस्त झाले. रुपयांत पगार घेऊन विलायतेला पौंड पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला तर न मागता पगारवाढ मिळाली. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला आणि मुंबईचे गिरणीमालक त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

इथवर गोष्ट सरळ दिसते. परके सरकार एका बाजूला, देश दुसऱ्या बाजूला. बरेच निबंध या वळणावर संपतात, आणि त्यांना बरे गुणही मिळतात.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वर्गात आणा. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३मध्ये पुस्तकरूपाने आला होता आणि १९२५मध्ये त्यांनी याच आयोगापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्याला नफा होतो हे त्यांना मान्य होते. तो नफा येतो कुठून, हे त्यांनी विचारले. देशात भाव चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. म्हणजे व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडलेली रक्कम परदेशातून आलेली नसते, इथल्याच कमावत्या वर्गाच्या पोटातून काढलेली असते. ‘देशाचा फायदा’ म्हणून जे गाठोडे सगळे मिरवत होते, ते त्यांनी सोडून आतला माल वेगवेगळा करून दाखवला. गिरणीमालक आणि गिरणीकामगार एकाच शहरात राहत असले, तरी स्वस्त रुपयाच्या बाबतीत त्यांचे हित एक नव्हते.

त्यांचा दुसरा रोख केन्सवर होता. केन्सने १९१३च्या ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’मध्ये सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. देशात सोन्याची नाणी खेळवायची नाहीत, लंडनमधल्या राखीव निधीच्या जोरावर रुपयाची हुंडणावळ सांभाळायची, अशी ती व्यवस्था. आंबेडकरांना खुपत होती ती सरकारच्या हातातली मोकळीक. रुपये किती पाडायचे हे सरकारच ठरवणार असेल, तर भाववाढीपासून लोकांना वाचवणार कोण? टांकसाळ लोकांना बंद केलीत तशी सरकारलाही बंद करा, हा त्यांच्या उपायाचा गाभा. गुरू एडविन कॅनन यांना त्यांची सगळी मांडणी पटलेली नव्हती; तरी प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. मार्गदर्शकाला खूश ठेवण्यासाठी प्रबंध लिहिणाऱ्यांनी ही प्रस्तावना जरूर वाचावी.

कायदा १९२७मध्ये झाला आणि रुपया अठरा पेन्सांवर बसवला गेला.

या प्रकरणानंतर सुझन स्ट्रेंज वाचल्या तर त्या वेगळ्याच उमगतात. अर्थशास्त्राचे आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत, अशी तक्रार त्यांनी १९७०च्या एका लेखात केली; ब्रिटनमध्ये हा विषय उभा राहिला तो त्या लेखापासून, असे मानतात. प्राध्यापक होण्याआधी त्या पत्रकार होत्या, आणि ते त्यांच्या लेखनात दिसते : प्रश्न आखूड, उत्तर टाळायला जागा नाही. यात फायदा कोणाचा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ‘स्टेट्स अँड मार्केट्स’ या १९८८च्या पुस्तकात त्यांनी सत्तेचे चार आधार सांगितले : सुरक्षा, उत्पादन, वित्त आणि ज्ञान. वित्ताची चौकट ज्याच्या हाती, त्याला रोज हुकूम सोडावे लागत नाहीत. इतरांना त्याच्या नियमांत राहूनच धंदा करावा लागतो. १९१३मध्ये हिंदुस्थानचा राखीव निधी लंडनमध्ये होता, एवढी एक गोष्ट त्या चौकटीत ठेवून पाहा. मग २०२२मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी कशी गोठवता आली, हे समजायला नवा सिद्धान्त लागत नाही. पैसा रशियाचा होता, पण त्याचा मोठा हिस्सा बेल्जियममधल्या एका रोखे-संस्थेच्या खात्यांत होता.

पाश्चात्त्य विद्यापीठांच्या वाचनयाद्यांत दादाभाई, १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘भारतीय अर्थशास्त्रा’वर व्याख्यान देणारे न्यायमूर्ती रानडे किंवा आंबेडकर क्वचितच भेटत. एरिक हेलायनर यांच्या २०२३च्या पुस्तकाने युरोप-अमेरिकेबाहेरच्या विचारवंतांना या विषयाच्या इतिहासात जागा दिली, ही चांगली सुरुवात आहे. तुमच्या यादीत ही नावे नसतील, तर टिपणात ती घालण्यापासून कोणी अडवत नाही.

प्रवेशाचे थोडक्यात. वॉरिक, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, सिंगापूरचे राजरत्नम स्कूल इथे आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र या नावाची पदवी आहे. ब्रिटनमधला अभ्यासक्रम वर्षाचा, आणि त्याचा शेवटचा उन्हाळा प्रबंधात जातो. दिल्लीच्या जेएनयूतले जागतिक अर्थव्यवस्थेवरचे एम.ए. जास्त गणिती आहे. एक गोष्ट मात्र पैसे भरण्याआधी तपासावी : भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतली पदव्युत्तर पदवी लागते. नावात ‘राजकीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असलेली पदवी तिथे अडू शकते.

पुढच्या भागात १९७३चे तेल. तोवर घरी करायला एक हिशेब. जुलै १९९१च्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे गेले. कागदावर ही नावे लिहा : नाशिकचा द्राक्ष बागायतदार, आयात खत वापरणारा त्याचा शेजारी, आखातातून रत्नागिरीला पैसे पाठवणारा कामगार, परदेशी यंत्रासाठी कर्ज काढलेला पिंपरीचा कारखानदार आणि मुंबईच्या चाळीत रॉकेल विकत घेणारी बाई. जमाखर्च रुपयांत मांडा, टक्क्यांत नको.